मार्कंड्याच्या देवळांची यादी आणि पीएचपीचा कन्स्ट्रक्टर

महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला येणाऱ्या भाविकांसाठी आपल्याला एक छोटं संकेतस्थळ करायचं आहे, असं धरून चालू. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथे, काठावरच हा देवळांचा समूह आहे. मुख्य मंदिर मार्कंडादेवाचं. त्याच आवारात मृकंडू ऋषी, यमधर्म, दशावतार अशी आणखी देवळं आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४च्या दौऱ्याच्या अहवालात या समूहाची नोंद केली आहे. आता तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. प्रत्येक देवळाचं नाव, देवता, तालुका, जिल्हा आणि काळ पानावर दिसायला हवा, एवढंच आपलं काम.

त्यासाठी पीएचपी ही भाषा घेऊ. स्वस्तातल्या स्वस्त सर्व्हरवरही ती मिळते. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीही पीएचपीतच लिहिलेली आहे, आणि वर्डप्रेसही. म्हणजे शिकलेलं वाया जाणार नाही.

आधी एक सूचना. या लेखात भाषेचे ठरीव शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत: क्लास, फंक्शन, न्यू, धिस वगैरे. संगणकावर ते रोमन लिपीतच टंकायचे, आणि सगळे लहान अक्षरांत. नावांचं मात्र तसं नाही. पीएचपीला चलाचं, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेचं, किंवा क्लासचं नाव देवनागरीत चालतं. डॉलरचं चिन्ह देऊन पुढे ‘नाव’ असं मराठीत लिहिलं तरी प्रोग्रॅम बिनतक्रार धावतो. शिकताना ही सोय जरूर वापरावी. चारचौघांनी मिळून करायच्या कामात मात्र रोमन नावंच बरी, कारण प्रत्येकाच्या कळफलकावर मराठी असतंच असं नाही. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर दोन पद्धतींनी टंकता येतं. ते डोळ्यांना सारखं दिसतं, पण पीएचपीला ती दोन वेगळी नावं वाटतात.

आता क्लास. क्लास म्हणजे साचा: देवळाच्या नोंदीत कोणकोणते रकाने असतील हे त्यात एकदाच लिहून ठेवायचं. त्या साच्यातून निघालेली एकेक नोंद म्हणजे ऑब्जेक्ट, आपण तिला वस्तू म्हणू. वस्तूतल्या रकान्याला प्रॉपर्टी म्हणतात.

सर्वात साधा साचा असा:

    क्लास मंदिर {
        पब्लिक $नाव;
        पब्लिक $देवता;
    }

    $म = न्यू मंदिर();
    $म->नाव = 'मार्कंडादेव';

हे चालतं, पण यात एक खोट आहे. वस्तू आधी तयार झाली, रकाने नंतर भरले, आणि देवता भरायची राहूनच गेली. पीएचपीनं चकार शब्द काढला नाही. पानावर देवतेच्या जागी कोरी ओळ दिसेल आणि ती दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. एखाद्यानं घाईत ‘देवता’ऐवजी ‘देवाता’ लिहिलं तर पीएचपी त्या चुकीच्या नावाचा नवाच रकाना उघडून देते. २०२२ साली आलेल्या ८.२ आवृत्तीपासून निदान त्यावर इशारा तरी मिळतो.

कन्स्ट्रक्टर यासाठीच असतो. वस्तू तयार होत असतानाच आपोआप धावणारं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर. फंक्शन म्हणजे नाव दिलेला कामाचा तुकडा. न्यू म्हटलं की पीएचपी आधी रिकामी वस्तू करते, मग लगेच हे फंक्शन चालवते आणि ते संपल्यावरच वस्तू आपल्या हाती देते. लागणारी माहिती इथेच मागून घेतली, तर अर्धवट वस्तू जगात येतच नाही. कन्स्ट्रक्टरचं खरं काम एवढंच, आणि पुढे दिसतील त्या बहुतेक चुका दोनच गोष्टींतून निघतात: त्यानं कमी मागणं किंवा नको ते करणं.

आपला पहिला कन्स्ट्रक्टर:

    क्लास मंदिर {
        पब्लिक स्ट्रिंग $नाव;
        पब्लिक स्ट्रिंग $देवता;

        पब्लिक फंक्शन __कन्स्ट्रक्ट(स्ट्रिंग $नाव, स्ट्रिंग $देवता) {
            $धिस->नाव = $नाव;
            $धिस->देवता = $देवता;
        }
    }

    $म = न्यू मंदिर('मार्कंडादेव', 'शिव');

स्ट्रिंग म्हणजे मजकूर. पब्लिक म्हणजे हा रकाना बाहेरून वाचता येईल. आता देवता द्यायची विसरलात तर न्यू लिहिलेल्या ओळीवरच प्रोग्रॅम थांबतो आणि माहिती कमी पडल्याचं सांगतो. चूक जिथे झाली तिथेच दिसली.

फंक्शनच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर आहेत, म्हणजे खालच्या दोन रेघा. छापील पुस्तकात त्या जुळून एकच लांब रेघ दिसते आणि नवखा माणूस एकच टंकतो. मग गंमत होते. एका रेघेचं नाव पीएचपीच्या लेखी साधं फंक्शन, कन्स्ट्रक्टर नव्हेच. ज्या क्लासला कन्स्ट्रक्टर नाही त्याला न्यू करताना कितीही माहिती दिली तरी पीएचपी ती मुकाट्यानं टाकून देते. वस्तू तयार होते, पण आतून कोरी. पुढे कधीतरी नाव छापायला गेलं की ‘हा रकाना भरण्याआधीच वाचला’ अशा अर्थाची चूक येते, तीही भलत्याच ओळीवर. अशी चूक आली की आधी रेघा मोजाव्यात, मग कन्स्ट्रक्टचं स्पेलिंग पाहावं.

याच जातीची दुसरी फसगत जुन्या पुस्तकांतून होते. पीएचपी ४च्या काळात क्लासचं जे नाव, त्याच नावाचं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, अशी रीत होती. दोन रेघांची रीत जुलै २००४मध्ये पाचव्या आवृत्तीत आली. डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीनं जुन्या रीतीवर इशारा द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीनं ती काढूनच टाकली. त्यामुळे वाचनालयातल्या जुन्या पुस्तकातला नमुना आज जसाच्या तसा उतरवला तर काहीही ओरड न होता कोरी वस्तू मिळते.

आता धिसकडे वळू. नवशिक्यांचा सर्वात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा थांबून पाहू. कन्स्ट्रक्टरच्या कंसात आलेलं ‘नाव’ आणि वस्तूच्या रकान्यातलं ‘नाव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंसातलं नाव फंक्शन संपताच पुसलं जातं. ते टिकवायचं तर वस्तूच्या रकान्यात उतरवावं लागतं, आणि ‘ही आत्ता तयार होत असलेली वस्तू’ हे सांगायला धिस लागतं. डावीकडे धिस लिहायचं राहिलं तर ओळ उरते ती ‘$नाव = $नाव’. नियमाप्रमाणे ती बरोबरच आहे, फक्त तिनं होत काहीच नाही.

उलट बाजूची चूक जास्त चमत्कारिक. धिसच्या पुढे बाण येतो, त्यापुढे रकान्याचं नाव डॉलरशिवाय लिहायचं. सवयीनं तिथेही डॉलर पडला, म्हणजे ‘$धिस->$नाव’ असं लिहिलं गेलं, तर पीएचपी त्याचा अर्थ असा घेते की चलात जो मजकूर आहे त्या नावाचा रकाना हवा. यमधर्माच्या मंदिराची वस्तू करताना मग ‘यमधर्म’ याच नावाचा रकाना तयार होतो आणि ‘नाव’ हा रकाना रिकामा राहतो. इशाऱ्यात देवळाचंच नाव रकान्याचं नाव म्हणून आलेलं दिसलं, तर हा जादा डॉलर शोधावा.

पुढची पायरी काळाची. देवळाचं शतक आकड्यात ठेवू, प्रकार इंट, म्हणजे पूर्णांक. पण यादीतल्या प्रत्येक देवळाचा काळ आपल्या हाती असेलच असं नाही. शतक सक्तीचं केलं तर यादी भरणारा माणूस अडतो आणि सुटका म्हणून शून्य टाकतो. मग पानावर ‘०वे शतक’ छापून येतं. म्हणून प्रकाराआधी प्रश्नचिन्ह द्यावं आणि न दिल्यास नल धरावं. नल म्हणजे ‘माहिती नाही’ असं स्पष्ट सांगणारी किंमत.

    ?इंट $शतक = नल

छापताना नल असेल तर ‘काळ अनिश्चित’ असं लिहावं. नल आणि शून्य यांची गल्लत करू नये. शून्य ही माहिती आहे, नल म्हणजे माहितीचा अभाव. असे ऐच्छिक रकाने कंसात नेहमी शेवटी ठेवावेत. सक्तीचा रकाना ऐच्छिक रकान्यानंतर ठेवला तर आठव्या आवृत्तीपासून इशारा येतो.

मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण यापुढे आहे. फॉर्ममध्ये कुणी मराठी कळफलकावरून ‘१२’ भरलं तर पीएचपीला तो आकडा कळत नाही. तिला फक्त 12 हेच आकडे समजतात. इंट प्रकार लिहिलेला असेल तर प्रकार चुकल्याची तक्रार येते, ते बरंच. पण बाहेरच जबरदस्तीनं पूर्णांकात रूपांतर केलं असेल तर देवनागरी बाराचं शून्य होतं आणि कुणी ओरडत नाही. उपाय म्हणजे कन्स्ट्रक्टरला देण्याआधीच देवनागरी आकडे बदलून घ्यावेत. त्यासाठी एसटीआरटीआर हे फंक्शन आहे. त्याला जोड्यांची यादी द्यावी: ० ला 0, १ ला 1, असं दहाही. त्याच फंक्शनचा तीन भागांचा जो आटोपशीर प्रकार आहे तो बाइट-बाइट बदलतो आणि देवनागरीचं भजं करतो. तो टाळावा.

बाइटवरून आठवलं. नाव ३० अक्षरांपेक्षा लांब नसावं अशी अट कुणी घालतं आणि लांबी मोजायला एसटीआरलेन वापरतं. ते फंक्शन बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मार्कंडादेव’ यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. एवढंसं नाव ‘फार लांब’ म्हणून परत येतं. एमबी_एसटीआरलेन वापरलं की उत्तर ११ मिळतं.

प्रकार लिहिला म्हणजे तपासणी झाली असं नव्हे. रिकामा मजकूर हाही मजकूरच असतो. म्हणून कन्स्ट्रक्टरच्या सुरुवातीलाच पाहावं: मागचापुढचा मोकळा भाग छाटून नाव रिकामं उरतं का? उरत असेल तर थ्रो करावं. थ्रो म्हणजे काम तिथेच थांबवून कारण वर कळवणं. सेतू केंद्रातला खिडकीवरचा माणूस अर्धा भरलेला अर्ज आत घेतच नाही, तिथूनच परत करतो, तसं हे. कन्स्ट्रक्टरमधून थ्रो झालं की न्यू करणाऱ्याच्या हाती वस्तू लागत नाही. कारणाचा मजकूर मात्र नीट लिहावा. ‘चूक आहे’ यापेक्षा ‘मंदिराचं नाव रिकामं आहे, ओळ ७’ हे यादी दुरुस्त करणाऱ्याच्या कामाचं.

आणि ज्या ठिकाणी सगळी यादी वाचून वस्तू तयार होतात, तिथे प्रत्येक ओळ ट्राय आणि कॅच या जोडीत ठेवावी, म्हणजे पकडलेली चूक नोंदवून पुढच्या ओळीवर जाता येईल. एका ओळीपायी ऐन जत्रेत अख्खं पान बंद पडायला नको.

आता तालुका आणि जिल्हा. मार्कंड्याची सगळीच देवळं एका जिल्ह्यातली, म्हणून जिल्हा न दिल्यास ‘गडचिरोली’ धरावा असा मोह होतो. आज हे ठीक दिसतं. उद्या कुणी त्याच यादीत भद्रावतीचं भद्रनाग मंदिर घालतं, जिल्हा लिहायचा विसरतं आणि आपलं पान बिनदिक्कत सांगतं की भद्रावती गडचिरोली जिल्ह्यात आहे. ती आहे चंद्रपूर जिल्ह्यात. चूक अशी की प्रोग्रॅमला ती कधीच कळणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: जी किंमत चुकली तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही, तिलाच आपोआप भरू द्यावं. जिल्हा त्यात बसत नाही. जुनी कागदपत्रं उतरवताना तर आणखी सांभाळायला हवं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, त्याआधीच्या नोंदींत ही सगळी गावं चंद्रपूर किंवा चांदा जिल्ह्याखाली सापडतात.

दुसरा घोळ क्रमाचा. नाव, देवता, तालुका, जिल्हा हे चारही मजकूर. दोघांची अदलाबदल झाली तरी प्रकार जुळतात, त्यामुळे पीएचपी गप्प. त्यात गडचिरोली हे तालुक्याचंही नाव आणि जिल्ह्याचंही, म्हणजे वाचून तपासणाऱ्यालाही चकवा. आठव्या आवृत्तीत यावर छान तोड आली आहे, ती म्हणजे रकान्याचं नाव घालून किंमत देणं:

    न्यू मंदिर(
        नाव: 'मार्कंडादेव',
        देवता: 'शिव',
        तालुका: 'चामोर्शी',
        जिल्हा: 'गडचिरोली'
    );

आता क्रम कसाही असला तरी चालतो आणि वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. फक्त एक लक्षात ठेवावं. कन्स्ट्रक्टरमधल्या रकान्याचं नाव पुढे बदललं तर अशा सगळ्या ओळी बदलाव्या लागतात.

त्याच आवृत्तीनं टंकलेखनही कमी केलं. कंसातच पब्लिक लिहिलं की रकाना जाहीर करणं आणि धिसमध्ये उतरवणं ही दोन्ही कामं पीएचपी स्वतः करते. ८.१पासून त्यापुढे रीडओन्ली जोडता येतं, म्हणजे एकदा भरलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही. आपला साचा आता एवढाच उरतो:

    क्लास मंदिर {
        पब्लिक फंक्शन __कन्स्ट्रक्ट(
            पब्लिक रीडओन्ली स्ट्रिंग $नाव,
            पब्लिक रीडओन्ली स्ट्रिंग $देवता,
            पब्लिक रीडओन्ली स्ट्रिंग $तालुका,
            पब्लिक रीडओन्ली स्ट्रिंग $जिल्हा,
            पब्लिक रीडओन्ली ?इंट $शतक = नल
        ) {
            इफ (ट्रिम($नाव) === '') {
                थ्रो न्यू इनव्हॅलिडआर्ग्युमेंटएक्सेप्शन('मंदिराचं नाव रिकामं आहे');
            }
        }
    }

यात एखाद्या ओळीवर पब्लिक आणि रीडओन्ली हे दोन्ही शब्द गळले तर तो रकाना होत नाही, नुसती कंसातली किंमत राहते आणि फंक्शनबरोबर पुसली जाते. संक्षिप्त रूपात ही चूक नजरेतून हमखास सुटते.

संकेतस्थळ वाढलं की देवळांखेरीज इतर ठिकाणंही येतील, चपराळ्याचं अभयारण्य, वडधमचं जीवाश्म उद्यान. नाव, तालुका, जिल्हा सगळ्यांना सारखेच, म्हणून ते ‘स्थळ’ या मूळ साच्यात ठेवावेत आणि ‘मंदिर’ हा त्यावरून काढलेला साचा करावा. पोटसाच्याला स्वतःचा कन्स्ट्रक्टर नसेल तर मूळचा आपोआप चालतो. पण आपण मंदिरासाठी देवता मागणारा वेगळा कन्स्ट्रक्टर लिहिला की मूळचा चालत नाही. तो हाक मारून चालवावा लागतो:

    पॅरेंट::__कन्स्ट्रक्ट($नाव, $तालुका, $जिल्हा);

पॅरेंट म्हणजे मूळ साचा. ही ओळ विसरलात तर देवता भरलेली आणि नाव, तालुका, जिल्हा कोरे अशी वस्तू मिळते. जावास्क्रिप्टमध्ये हीच हाक सुपर या शब्दानं मारतात, आणि ती मारण्याआधी धिसला हात लावला की तिथल्या तिथे चूक येते. पीएचपी इतकी कडक नाही. म्हणून ही ओळ कन्स्ट्रक्टरच्या अगदी वरच लिहायची सवय ठेवावी.

जावा शिकून आलेल्यांना एक शंका येते: दोन तऱ्हेनं वस्तू करायची तर दोन कन्स्ट्रक्टर लिहावेत का? पीएचपीत एका क्लासला एकच असतो. यादीच्या फाइलमधल्या ओळीवरून मंदिर करायचं असेल तर ‘ओळीवरून’ अशा नावाचं स्टॅटिक फंक्शन लिहावं, म्हणजे वस्तू नसतानाही क्लासच्या नावानं चालवता येणारं फंक्शन. ते ओळ तोडतं, देवनागरी आकडे बदलतं आणि शेवटी न्यू करून वस्तू परत देतं. आकडे बदलायची योग्य जागा हीच.

कन्स्ट्रक्टरमध्ये काय करू नये, हेही सांगून ठेवतो. तिथे काही छापू नये, फाइल उघडू नये, आणि हवामान किंवा नकाशा मागायला दुसऱ्या सर्व्हरकडे तर मुळीच जाऊ नये. वस्तू वीस असतील तर वीस वेळा ती वाट पाहावी लागते, आणि जिथे मोबाइलला रेंजच जेमतेम मिळते तिथे बसलेला भाविक पान उघडायच्या आत नाद सोडतो. असली कामं वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून गरज लागेल तेव्हाच चालवावीत. कन्स्ट्रक्टरमधून रिटर्न करून काही परत देण्यातही अर्थ नाही. न्यू लिहिणाऱ्याला वस्तूच मिळते, परत दिलेली किंमत नाही.

सुरुवात करण्याआधी आपल्या सर्व्हरवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे ते पाहावं. वरचा संक्षिप्त साचा ८.१ किंवा त्यापुढेच चालतो. सर्व्हर अजून ७.४वर असेल तर ज्यांच्याकडून जागा घेतली त्यांना आधी आवृत्ती बदलायला सांगावं. ७.४ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२मध्येच बंद झालं आहे.